नवस दामाजीचा, बोकड भागीरथीचा

कोपर गावात दामाजीला काम करताना पाहिलेला माणूस शोधायचा म्हटलं, तर खाडी ओलांडून पलीकडे जावं लागलं असतं, आणि तिथेही कोणी सापडलं नसतं. हे त्याच्या बायकोचं, भागीरथीचं, मत होतं, आणि ते खोडून काढायला गावात कोणी पुढे येत नसे. मिठागराचा हंगाम ऐन भरात आला, बायका-पुरुष उन्हात उभे राहून मीठ ओढायला लागले, की दामाजीच्या कमरेत उसण भरायची. उसण भरलेला माणूस घरी पडून राहतो. हा उठून डोंबिवलीच्या बाजारात जायचा. तिथे एका न्हाव्याच्या दुकानात सकाळी कोणीतरी मोठ्याने पेपर वाचायचं. दामाजी तो ऐकायचा आणि दुपारी गावात येऊन वडाच्या पारावर देशाचा कारभार बघायचा. दिल्लीत कोणाचं काय चुकतंय ते त्याला नेमकं कळायचं. आपल्या गोठ्याचा काटक्यांचा कूड कुठे मोडलाय ते मात्र कळायचं नाही.

कूड भागीरथी सांधायची. मिठावर तीच जायची. बैलांना पाणी तीच दाखवायची. बैलांचं एक बरं होतं. उन्हाळ्यात तेही बसून रवंथ करायचे, पण पाऊस पडला की उठायचे तरी. दामाजीला उठवणारा ऋतू देवाने केलाच नव्हता.

त्या घरात खरं काम करणारी दुसरी माणसं म्हणजे पोरं. गोदा थोरली, बाळ धाकटा. उन्हाळ्यात अंगणात दोऱ्यांवर बोंबील टांगलेले, खाली सुपांत सुकट पसरलेली, आणि गोदा हातात काठी घेऊन कावळ्यांवर पहाऱ्याला. कावळे परवडले, मांजर नको. मांजर गोदाच्या समोरून अंग चाटत जायची, जसं काही तिला मासळीत रसच नाही, आणि गोदाने जांभई दिली की एक बोंबील गेलेला असायचा. कोंबड्या सुपात पाय घालायच्या. कुत्रा सगळ्यांवर भुंकायचा आणि कोणालाच हाकलायचा नाही. "बापावर गेलाय," असं भागीरथी त्याच्याकडे बघून म्हणायची.

आणि एक बोकड. भागीरथी शीळ गावची. लग्नात बापाने तिला एक शेळी दिली होती. त्या शेळीच्या वंशातला हा शेवटचा, काळा, पांढऱ्या दाढीचा. दाढीमुळे पोरांनी त्याचं नाव मास्तर ठेवलं होतं. या घरात नवऱ्याचं असं काही नव्हतं, कारण त्याने काही मिळवलंच नव्हतं. पण भागीरथीचं म्हणून जे होतं, ते हे एवढंच चार पायांचं.

त्या वर्षी शिमग्यात बाळला गोवर निघाला. पोर तापाने भाजून निघालं. भागीरथी उशाशी बसली ती उठली नाही. कडुलिंबाचा पाला फिरवायची, ओठ ओले करायची, आणि पोराचा श्वास जरा लांबला की तिचा स्वतःचा थांबायचा. दामाजी पहिल्याच दिवशी दिवा गावाला बहिणीकडे गेला. "मना बघवत नाय," म्हणाला. ज्याला बघवत नाही त्याने जावं आणि जिला बघावं लागतं तिने बसावं, अशी त्या घरातली वाटणी पहिल्यापासूनच होती.

तो परत आला तेव्हा ताप शिगेला पोचला होता. दामाजी घरात आला नाही. आळीच्या मधोमध उभा राहिला, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा आवाज काढला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "आई गावदेवी! माज्या बालाला उठव! तुना काला बोकड देतो! सगल्या गावाला जेवाला घालतो!"

आतून भागीरथीने ऐकलं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते असं. मिठाई हलवायाची, पान ठेवणारा भलताच, आणि पुण्य ठेवणाऱ्याला. बोकड तिचा, जेवण रांधणार ती, आणि नवस याच्या तोंडचा. पण त्या घटकेला तिला बोकडाचं काही वाटलं नाही. बोकड काय, देवीने तिचा हात मागितला असता तर तिने मनगटापासून काढून दिला असता. ती मनात एवढंच म्हणाली, घे आई, पण पोर ठेव.

ताप उतरला. दोन-चार दिवसांत बाळ भाकरी मागायला लागला. आणि दामाजी पारावर सांगायला लागला, "पोर मी वाचवला." कोणी म्हटलं, भागीरथीने जागून काढलं रे, तर हा हसायचा. "जागून काय व्हतं? देवीशी बोलाला लागतं." भागीरथी ते ऐकायची आणि मिठाकडे चालू लागायची. तोंडाची वाफ कोणासाठी दवडावी यालाही काही प्रत असते.

नवसाचा बोकड म्हणजे देवीचा बोकड. गावदेवीचं सगळं बघणाऱ्या धोंडीबा भगताने येऊन त्याच्या कानाला खूण केली, कपाळाला हळद लावली, आणि त्या दिवसापासून त्याला बांधायचं नाही, मारायचं नाही, ताटातून उठवायचं नाही. मास्तर मोकळा सुटला. त्याने एकीचा दुधीचा वेल खाल्ला, दुसरीच्या वाळत घातलेल्या पापड्या खाल्ल्या, एकाच्या गोधडीचा कोपरा चघळून ठेवला. गाव भांडायला आलं, ते भागीरथीच्या दारात. दामाजी ओटीवर पाय पसरून म्हणायचा, "देवीचा जनावर हाय. खाव द्या." दुसऱ्याच्या वेलावर एवढा उदार माणूस खाडीच्या दोन्ही काठांवर नव्हता.

नवस लगेच फेडायचा. पण लगेच फेडला तर गाजावाजा कसा व्हायचा? दामाजीला दिव्याची बहीण हवी, तिची सासरची माणसं हवी, शीळचे सासरे हवे, मिठागराचा मुकादम हवा. आमंत्रणं करत तो चैत्रभर फिरला. तेवढं चालताना कमरेला काही झालं नाही. भागीरथी रोज सांगायची, "अवो, फेडून टाका. देवीचा ऋण घरात नको." गावात सगळ्यांना ठाऊक होतं, नवस राहिला की देवी दिलेलं माघारी नेते. बाळ खेळताना पडला तरी ती धावत जाऊन कपाळाला हात लावून बघायची. दामाजी म्हणायचा, "देवी माज्या वलखीची हाय." जशी काही देवी म्हणजे डोंबिवलीचा न्हावीच.

पोरांना यातलं काहीच नको होतं. त्यांना एवढंच कळत होतं की वैशाखात मास्तर जाणार. बाळ एकदा रडून झोपला, तेव्हा भागीरथीने ठरवलं की राहिलेले दिवस पोरांना त्याच्याशी हवं तसं खेळू द्यायचं. पोरांनी खेळ काढला अंघोळीचा. ऊन असं तापायचं की दुपारी विहिरीपाशी उभं राहिलं तरी बरं वाटायचं. गोदा पोहरा ओढायची, बाळ तांब्याने मास्तरच्या डोक्यावर पाणी घालायचा. पहिल्या दिवशी बोकडाने असं अंग झाडलं की दोघं पोरं भिजली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो नुसता उभा राहिला. पुढे तर दुपार झाली की आपणच विहिरीपाशी जाऊन थांबायचा, डोळे मिटून डोकं पुढे करायचा. बाळ म्हणायचा, "मास्तर, पाठ कर," की वळून पाठ करायचा. भागीरथी हे रोज बघायची आणि हसायची. त्या उन्हाळ्यात ती हसली असेल तर तेवढ्याचसाठी. त्यातून पुढे काय होणार आहे हे तिच्याही डोक्यात आलं नाही आणि गावातल्या कोणाच्याच आलं नाही.

वैशाखातल्या एका मंगळवारी नवस फेडायचं ठरलं. आदल्या दिवसापासून भागीरथी मसाला वाटत होती, भाकऱ्यांचं पीठ मळत होती. दामाजीने रेल्वेतल्या कोणा ओळखीच्याकडून काळा कोट मागून आणला होता. वैशाखाच्या उन्हात, खाली धोतर आणि वर तो लोकरी कोट. घाम कानामागून वाहत होता, पण बटण एकही सोडलं नाही. मुकादम येणार होता ना!

देवीचं ठाणं गावाबाहेर, आंब्याखाली. माणसं जमली. पाहुण्यांसाठी झाडाच्या मुळाशी ओल्या वाळूत रांजण पुरून ठेवले होते, वर ओलं फडकं. बाजूला चुली पेटल्या होत्या. मास्तरच्या गळ्यात झेंडूची माळ घातली, ती त्याने अर्धी खाल्ली. बाळ आणि गोदा त्याला धरून उभी. आणि सगळ्यांच्या पुढे, दगडावर बसलेली मनुबाई धवलारीण. आगऱ्यांची लग्नं तिथे बायकाच लावतात, धवलारिणी गाणी म्हणून. कोपरातल्या निम्म्या जोडप्यांना मनुबाईने गाऊन बांधलं होतं. भागीरथी आणि दामाजीलाही. "तवा माजा घसा बसला असता तर बरा झाला असता," असं ती म्हातारी भागीरथीला अधूनमधून म्हणायची. रीतीभातीत तिचा शब्द भगतापेक्षा वर चालायचा.

रीत अशी की बोकडावर पाणी शिंपडायचं आणि थांबायचं. त्याने अंग झाडलं, थरथरला, म्हणजे देवीने घेतला. मगच सुरी. झाडलं नाही तर त्याला हात लावायचा नाही.

धोंडीबा भगताने मंत्र पुटपुटून ओंजळभर पाणी मास्तरच्या डोक्यावर शिंपडलं. बोकडाने डोळे मिटले.

माणसं थांबली. बोकडही थांबला. भगताने पुन्हा शिंपडलं, जरा जास्त. मास्तरने दाढीवरून ओघळणारं पाणी जिभेने चाटलं. मागे कोणीतरी खाकरलं. भगताने अख्खा तांब्या उपडा केला. तेव्हा बाळ आनंदाने ओरडला, "मास्तर, पाठ कर!" आणि मास्तर शहाण्यासारखा वळला, देवीकडे शेपूट करून उभा राहिला.

काही पोरं हसली. मोठी माणसं हसली नाहीत. नवसाच्या बोकडाने देवीला पाठ दाखवली, असं कोणी पाहिलेलं नव्हतं. बोकड का उभा आहे ते भागीरथीला त्याच क्षणी उमगलं. रोजची अंघोळ तिने पाहिली होती. पण उमगून काय उपयोग? पोरांना ती अंघोळ घालू दिली कोणी? तिनेच. मग देवी नाही म्हणतेय हे खरंच की. बोकड घेणार नाही, तर काय घेणार? तिने बाळकडे पाहिलं. तो ओल्या हाताने बोकडाची पाठ चोळत होता.

भगताला घाम फुटला. शंभर माणसांचं जेवण अडलेलं. त्याने डोळे फिरवले आणि म्हणाला, "घरात खोट हाय. कोनाची ती सांगा."

एखादा नवरा जरा तरी थांबला असता, निदान बोट उचलायला वेळ लावला असता. दामाजीचं बोट आधीच वर होतं. "हिची," तो म्हणाला. "मी नवस बोललो तवा ही तोंड वाकडा करून बसलेली. बोकड माजा, बोकड माजा करते."

"नाक घासू दे," भगत म्हणाला.

भागीरथीने वाद घातला नाही. पदर खोचला, ठाण्याच्या तापलेल्या पायरीवर गुडघे टेकले आणि नाक घासलं. कातडी सोलली. आई, माझ्यावर काढ, पोरावर नको. एवढंच ती म्हणत होती. उठली तेव्हा नाकाच्या शेंड्यावर रक्त होतं. भगताने परत पाणी घातलं. मास्तरला आता खरंच गार वाटत होतं. त्याने मान खाली घालून रवंथ सुरू केलं.

मुकादमाने घड्याळ काढून पाहिलं. दामाजीने मुकादमाला घड्याळ बघताना पाहिलं, आणि त्याचं जे काही थोडं डोकं होतं तेही गेलं. आता त्याला फक्त आपली अब्रू वाचवायची होती, आणि ती वाचवायला हाताशी बायकोची होती. मोठ्याने, आळीत नवस बोलला होता त्याच आवाजात, तो म्हणाला, "आता मी सगला सांगतो. पोराला गोवर निघाला तो पन हिच्याचमुले! ही विटाळशी असताना पोराला घेऊन बसली. देवी हिच्यावर कोपलेली. पोर मारत व्हती ही, मी वाचवला!"

दिव्याच्या बहिणीनेसुद्धा मान खाली घातली.

भागीरथीने त्या माणसाकडे पाहिलं. काळा कोट, गळ्यापर्यंत बटणं, ओठांवर घाम. हा माणूस पोराजवळ एक दुपारही बसला नव्हता. इतकी वर्षं ती त्याला आळशी म्हणत आली होती, फुशारकी मारणारा म्हणत आली होती, आणि आता तिला वाटलं, आपण त्याला फार स्वस्तात सोडलं. आळशी गावात पुष्कळ होते. त्यांच्यात आणि याच्यात फरक होता. तिला राग आला नाही. राग यायला समोरचा निदान माणसात तरी जमा असावा लागतो. तिला नुसती किळस आली.

ती रांजणापाशी गेली. फडकं काढलं, मोठी घागर बुडवून काठोकाठ भरली आणि घेऊन आली. भगताला वाटलं, बोकडावर ओतणार. तो बाजूला झाला. ती देवीसमोर उभी राहिली.

"आई," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "बोकड मना माज्या बापासनं आलेला. तो मी दिला, तुना नको. नाक घासला, तो पन नको. नवस माज्या तोंडचा नाय. ज्याच्या तोंडचा हाय, त्याला बघ."

आणि तिने घागर दामाजीच्या डोक्यावर उपडी केली.

ओल्या वाळूतल्या रांजणाचं पाणी वैशाखातही दातांना झोंबतं. तापलेल्या अंगावर, लोकरी कोटाच्या आत ते शिरलं. दामाजीचा श्वास वरच राहिला. खांदे उडाले, हात उडाले, दात वाजले, आणि डोक्यापासून टाचेपर्यंत तो असा झाडला की समोरच्या पाहुण्यांच्या अंगावर पाणी उडालं.

मग मनुबाई धवलारीण दगडावरून उठली. लग्न लावताना काढायची तो आवाज तिने काढला. "झाडला! आंग झाडला! घेतला गो देवीनं, घेतला!"

कोणी हसलं असतं तर सगळं हशावारी गेलं असतं. पण पुढच्या बायकांनी हात जोडले. त्यांचे वेल खाल्ले गेले होते, पापड्या गेल्या होत्या, आणि पोरावरून दामाजी भागीरथीला जे बोलला ते त्यांनी आत्ताच ऐकलं होतं. मागच्या बायकांनी त्यांचं बघून जोडले. मग पुरुषांनी टोप्या काढल्या. मुकादमानेही काढली, कारण सगळ्यांनी काढल्या. भगताने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. बोकडाने तोंडघशी पाडलेला माणूस तो. सुटायला वाट हवीच होती. "व्हय," तो म्हणाला. "देवीला जनावर नको व्हता. चाकर पायजे व्हता." आणि ठाण्याच्या मागे उभा केलेला खराटा आणून त्याने दामाजीच्या ओल्या हातात दिला.

"ह्यो काय खेल लावलाय?" दामाजी म्हणाला. दात अजून वाजत होते.

"देवीनं घेतलेला मानूस बोलत नाय," मनुबाई म्हणाली. "झाड."

जेवण डाळ-भात आणि सुक्या बोंबलांवर भागलं. पाहुणे मटण जेवायला आले होते. त्यांनी जाताना दामाजीचा निरोप घेतला नाही. तो खराटा घेऊन आंब्याखाली उभा होता, कोटातून पाणी गळत होतं, आणि प्रत्येक जाणाऱ्याकडे बघत होता की कोणीतरी म्हणेल, झालं, पुरे झाली मस्करी.

भागीरथीने भांडी आवरली. गोदाच्या डोक्यावर टोपली दिली, बाळला जवळ ओढून त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. हात लगेच काढावा असं तिला वाटेना. ती वाटेला लागली तशी दामाजी खराटा टाकून मागे धावला.

"अगो, थांब. मी येतो ना. चल घरी."

ती थांबली, वळली. नाकावरचं रक्त वाळलं होतं.

"देवीनं घेतलेला घरी नेऊ, आनी तिनं माजा पोर मागला, तर?" ती म्हणाली.

दामाजी हसायला गेला. तिच्या तोंडाकडे पाहिलं, तेव्हा त्याला कळलं की ती मस्करी करत नाही. ती खरंच घाबरली होती, आणि ज्याला मागे सोडून चालली होती त्याच्यासाठी नव्हे. तो तिथेच उभा राहिला. ती पोरांना घेऊन गेली, आणि थोड्या वेळाने ठाण्याकडून खराट्याचा आवाज यायला लागला.